कच्चं ग्लिसरीन : ड्रमच्या ड्रम साचतायत. घन उत्प्रेरकाने यातून काही करता येईल का?

तुर्भेकर
नमस्कार मंडळी,
तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी आणि माझा मेहुणा गेली चार वर्षं बायोडिझेलचा छोटा प्लँट चालवतो. फरसाणवाले, वडापावच्या गाड्या आणि काही हॉटेलांकडून तळणीचं तेल उचलायचं, गाळायचं, पाणी उडवायचं. आम्लता जास्त निघाली तर आधी ॲसिडची एक पायरी, मग मेथनॉल आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). २०१८ मध्ये एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) वापरलेलं तेल बायोडिझेलकडे वळवायचा 'रुको' उपक्रम आला आणि तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल तापून खराब झाल्याची खूण) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा नियम झाला, तेव्हापासून तेल मिळवणं सोपं झालंय. दिवसाला साधारण २ टन तेल लागतं. बायोडिझेल विकलं जातं, त्याची काळजी नाही.

प्रश्न खाली बसणाऱ्या थराचा आहे. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं हे पुस्तकातलं. प्रत्यक्षात त्यात साबण, मेथनॉल, पोटॅश, पाणी सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे रोज पावणेतीनशे किलोच्या आसपास काळपट माल हातात येतो. दिसायला थेट काकवी. थंडीच्या दिवसांत सकाळी ड्रमचं झाकण उघडलं तर वरचा भाग तुपासारखा गोठलेला, काठी खुपसली तर तशीच उभी राहते. पूर्वी मस्जिद बंदरचा एक व्यापारी हा माल उचलायचा, आता तो फोन घेत नाही. शेडमागे ६४ ड्रम झालेत. पावसाळ्याआधी काहीतरी करायला हवं, एखादा ड्रम फुटून नाल्यात गेला तर मलाच झोप लागणार नाही.

भाचा एम.एस्सी. करतोय. त्याने सांगितलं की घन उत्प्रेरक वापरून ग्लिसरीनचं सोल्केटल, ॲसिटिन, ग्लिसरॉल कार्बोनेट, प्रोपिलीन ग्लायकॉल असं बरंच काही होतं. वाचून मन हरखलं. पण आमच्यासारख्या एका गाळ्यातल्या माणसाला यातलं खरंच काही जमेल का? कुणी हात घातलाय का यात?

चहाबाज
वाचतोय. वाशीच्या पुलावर एकदा बायोडिझेलवरच्या टेम्पोमागे माझी स्कूटर होती. टोलनाक्यापर्यंत भज्यांचा वास! तो टेम्पो तुमचाच गिऱ्हाईक असणार.

नलूताई
ग्लिसरीन म्हणजे साबणात घालतात तेच ना? आमच्या दादरच्या महिला गटात आम्ही हातसाबण करतो. एक ड्रम आम्हाला द्या की!

तुर्भेकर
नलूताई, देईन, पण असं नाही. यात मेथनॉल आहे, ते विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं. ते पूर्ण उडवलं तर लादी पुसायचा काळा साबण होऊ शकतो. आमचे कामगार हातमोजे घालूनच या मालाला हात लावतात.

माटुंगा_९४
विषय जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्लिसरॉल हा तीन हातांचा रेणू आहे. तीन कार्बन, प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट. कुठल्या हाताला काय जोडायचं किंवा कुठला हात काढायचा, यावर पुढची सगळी रसायनं ठरतात. ॲसिटोन जोडलं की सोल्केटल, ॲसेटिक ॲसिड जोडलं की ॲसिटिन. त्यातलं तीन हात भरलेलं ट्रायॲसिटिन सिगारेटच्या फिल्टरमध्ये आणि प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात. डायमिथिल कार्बोनेटबरोबर ग्लिसरॉल कार्बोनेट. एक हात हायड्रोजनने उडवला की प्रोपिलीन ग्लायकॉल. पाण्याचे दोन रेणू काढले की ॲक्रोलिन.

सोल्केटल आणि ॲसिटिनला आम्ल उत्प्रेरक लागतो, कार्बोनेटला अल्क (आम्लारी). पूर्वी सल्फ्युरिक ॲसिड ओतायचे. काम व्हायचं, पण मग ते उदासीन करा, धुवा, मीठ काढा, सांडपाणी सांभाळा. घन उत्प्रेरक मात्र गाळला की बाहेर येतो आणि पुन्हा वापरता येतो. आमच्या माटुंग्याच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत (१९३३ पासूनची, आमच्या वेळी यूडीसीटी, आता आयसीटी) प्रा. गणपती यादव यांनी सल्फेटेड झिर्कोनिया आणि त्यापुढच्या घन आम्लांवर आयुष्य घातलं. त्या उत्प्रेरकांच्या मालिकेचं 'यूडीकॅट' हे नावसुद्धा संस्थेच्या जुन्या नावावरून आलंय. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या बॅचने दादरला एकत्र जेवण केलं होतं.

तुमच्या मापाला सोल्केटल बरं. तापमान कमी, ॲसिटोन उकळतं त्याच्या आसपास. दाब नाही. १०० किलो शुद्ध ग्लिसरॉलला निदान ६३ किलो ॲसिटोन, कागदावर १४३ किलो सोल्केटल आणि २० किलोच्या आत पाणी. ते पाणी काढत राहिलं नाही तर अभिक्रिया अर्ध्यात थांबते, हे मात्र ध्यानात ठेवा.

परळचा_मास्तर
मी शाळेत विज्ञान शिकवतो. घन उत्प्रेरक म्हणजे नेमकं काय, हे आठवीच्या मुलाला कसं सांगाल? 'स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग वाढवतो' ही व्याख्या मुलं घोकतात, पण डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही.

शिवडीकर
मास्तर, मी सांगू? माझे आजोबा शिवडीला वनस्पती तुपाच्या कारखान्यात होते. १९३२ साली तिथे वनस्पती तूप बनायला लागलं. पातळ तेलाचं घट्ट तूप कसं व्हायचं? तेलात निकेलची बारीक काळी पूड टाकायची आणि हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन त्या पुडीच्या पृष्ठभागावर बसतो, तेलाचा रेणूही तिथेच येऊन टेकतो, दोघांची गाठ पडते. मग सगळं कापडातून दाबून गाळायचं. तूप खाली, काळी पूड कापडावर. तीच पूड पुढच्या घाण्याला. आजोबांच्या सदऱ्याच्या बाह्या कायम काळ्या असायच्या, आजी सोड्याने घासून थकायची. मुलांना डालड्याचा डबा दाखवा आणि हे सांगा.

परळचा_मास्तर
शिवडीकर, उद्याच्या तासाला हेच सांगतो. दोन वर्षांनी त्याच शिवडीला साबणही सुरू झाला, आणि साबण म्हटला की ग्लिसरीन आलंच. म्हणजे मुंबईला हा विषय नवा नाही. ग्लिसरीन पहिल्यांदा वेगळं काढलं १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने, ऑलिव्ह तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवून. चव गोड लागली, म्हणून पुढे नावही ग्रीक 'गोड' वरून पडलं.

पाळी_तिसरी
माटुंगा साहेब, सगळं बरोबर, पण एक पायरी तुम्ही गाळलीत आणि तिथेच माणूस बुडतो.

अंबरनाथला मी ज्या कारखान्यात आहे तिथे हा प्रयोग झालाय. मालकांनी स्वस्तात कच्चं ग्लिसरीन आणलं. मेथनॉल उडवलं, वरवर गाळलं, आणि काचेच्या स्तंभात आम्लाचं रेझिन (आम्ल गट जोडलेले प्लॅस्टिकचे मणी, हाच घन उत्प्रेरक) भरून ॲसिटोनबरोबर सोडलं. रेझिनचे मणी खसखशीएवढे. पहिल्या दिवशी खालून येणारा नमुना स्वच्छ, एकजीव. आम्ही खूश.

आता एक गोष्ट सांगतो, जी पुस्तकात शोधायला गेलात तर सापडायला वेळ लागेल. ॲसिटोन आणि ग्लिसरीन एकमेकांत नीट मिसळत नाहीत. सोल्केटल तयार झालं की ते दोघांनाही धरून ठेवतं. म्हणून अभिक्रिया चांगली चालली असेल तर बाटलीत एकच थर दिसतो. चौथ्या दिवशी रात्री दोनच्या सुमाराला नमुना काढला, ट्यूबलाइटखाली धरला, आणि मधोमध रेघ. वर ॲसिटोन, खाली ग्लिसरीन. कुठलंही यंत्र लावायच्या आधी कळलं की रेझिन मेलं. स्तंभ उघडला तर वरचे मणी साबणाने लडबडलेले, बोटाला बुळबुळीत.

कॅटॅलिस्टला दोष नव्हता, माल घाणेरडा होता.

माटुंगा_९४
पाळी_तिसरी, मान्य. चूक माझी, मी सरळ शुद्ध ग्लिसरॉल धरून लिहीत गेलो. आकडेमोड करूनच दाखवतो.

आम्ल रेझिनचं काम त्यावरच्या हायड्रोजन आयनांमुळे चालतं. नेहमीच्या सल्फोनिक रेझिनमध्ये किलोला साधारण ४.७ सममूल्य (आयन मोजायचं माप) इतके आयन असतात. पोटॅशियम आलं की ते हायड्रोजनची जागा घेतं, एकास एक. तुर्भेकर २ टन तेलाला १ टक्का पोटॅश वापरत असतील असं धरू, म्हणजे २० किलो. ते झाले ३५६ सममूल्य. पोटॅश साबण झालं तरी पोटॅशियम कुठे जात नाही, बहुतेक सगळं खालच्या थरातच उतरतं. ३५६ भागिले ४.७ म्हणजे रोज ७६ किलो रेझिन मरणार. रोज! झिओलाइट (सच्छिद्र खनिज, तेही घन आम्ल) घेतलं तरी हीच कथा, त्याचेही हायड्रोजन असेच जातात.

तुर्भेकर
७६ किलो वाचून हातातला चहा तसाच राहिला. आम्ही १.१ टक्का घालतो, म्हणजे ८० च्या वरच.

कांदेपोहे
मग आम्ल सोडा, अल्क घ्या. माझ्या वाचनात आलं की अंड्याच्या टरफलांपासून घन उत्प्रेरक होतो. मुंबईत भुर्जीपावच्या गाड्या किती! रात्री अकराला आमच्या नाक्यावर टरफलांनी पोतं भरलेलं असतं. तेल त्यांचंच, टरफलंही त्यांचीच.

राखाडी_भुकटी
कांदेपोहे, मी पीएच.डी.ला कॅल्शियम ऑक्साइडवरच काम करते, त्यामुळे टरफलांचा विषय निघाला की राहवत नाही.

होतो, नक्की होतो. टरफलात बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट असतं. आतला पापुद्रा सोलून, धुऊन, वाळवून, दळून ८०० ते ९०० अंशांवर काही तास भाजलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड उरतं. वजन जवळजवळ ५६ टक्क्यांवर येतं. मी १०० ग्रॅम ठेवते आणि पांढरी, हाताला रखरखीत ५५ ग्रॅम पूड काढते. भट्टीतून काढल्यावर गरम असतानाच बाटलीत बंद करायची. उघडी राहिली तर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुना आणि कार्बोनेट व्हायला लागते.

ग्लिसरॉल आणि डायमिथिल कार्बोनेटपासून ग्लिसरॉल कार्बोनेट करायला ही पूड छान चालते, ७०-८० अंशांवर. इथे कच्च्या मालातला उरलेला पोटॅश मारक नाही, तोही अल्कच. पण दोन अडचणी. एक, कॅल्शियम ग्लिसरॉलमध्ये थोडं थोडं विरघळतं. पहिल्या वापराला उत्तम, पुढे प्रत्येक वापराला आकडा उतरतो, आणि मग आपण खरंच घन उत्प्रेरक वापरतोय की विरघळलेला, हा प्रश्न माझे गाइड मला दर मीटिंगला विचारतात. दुसरी, साबण आणि मेदाम्लं असतील तर कॅल्शियमचा साबण होतो, तो पांढरा, चिकट, न विरघळणारा. फिल्टरचं कापड तासाभरात चोंदतं. म्हणजे इकडूनही वाट पाळी_तिसरीदादांच्या घाणेरड्या मालाशीच येते.

वडगादी
मी वडगादीला केमिकलचा व्यापार करतो, वडिलांपासून. थोडं बाजाराचं बोलतो.

सोल्केटल बनवाल, पण घेणार कोण? माझ्याकडे महिन्यात एखादी चौकशी येते, ती पण पाच-दहा लिटरची. ग्लिसरॉल कार्बोनेटचं तेच. तुमच्या काकवीला आज कोणी विचारत नाही, कारण ती डिस्टिल करणाऱ्याला त्यातल्या साबणाचा आणि मिठाचा त्रास. साबणाने फेस येतो, मीठ भांड्याच्या तळाला पापडी धरतं. पण तोच माल ८० टक्के ग्लिसरॉल, साबण नाही, मेथनॉल नाही, असा आणला तर रिफायनरीवाले नमुना मागतात. ड्रम हलवायचे असतील तर आधी तिथपर्यंत या.

डेक्कनक्वीन
वडगादींशी सहमत, आणि मोठ्यांचा अनुभवही तेच सांगतो. मी प्रोसेस इंजिनिअर आहे, रोज पुणे-मुंबई. प्रोपिलीन ग्लायकॉलचा रस्ता अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या गॅलन सपेस यांनी कॉपर क्रोमाइट उत्प्रेरकाने सोपा केला, २०० अंश आणि २०० पीएसआय दाबाच्या आसपास. त्याला २००६ मध्ये तिथला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यात एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) तांब्याच्या उत्प्रेरकांवर चांगलं काम झालंय. पण कारखाने उभे राहिले ते वर्षाला हजारो टनांचे, कारण हायड्रोजन आणि दाबाची भांडी एका गाळ्यात परवडत नाहीत. आपल्याकडे गुजरातेत दहेजला २०२२ पासून ग्लिसरीनपासून एपिक्लोरोहायड्रिन (इपॉक्सीचा कच्चा माल) बनतं, वर्षाला ५०,००० टन क्षमता. तिथे मात्र घन उत्प्रेरक नाही, हायड्रोजन क्लोराइडचं काम आहे. ही सगळी मंडळी स्वच्छ ग्लिसरीन विकत घेतात. काकवी कोणीच दारात घेत नाही.

कांदेपोहे
मग मूळ बायोडिझेलच घन उत्प्रेरकाने का बनवत नाही? म्हणजे पोटॅशच नको.

राखाडी_भुकटी
फार नेमका प्रश्न! हे झालंय. फ्रान्समध्ये सेत या बंदरात २००६ पासून 'एस्टरफिप-एच' पद्धतीचा कारखाना आला. उत्प्रेरक झिंक ॲल्युमिनेट, ग्लिसरीन ९८ टक्क्यांच्या वर, मीठ नाही. पण २०० अंशांच्या आसपास तापमान आणि ४० ते ६० बार दाब लागतो, आणि तेल रिफाइंड हवं, आम्लता आणि पाणी अगदी कमी. वडापावच्या गाडीवरचं तेल तिथे आत घेणार नाहीत.

चहाबाज
गोरेगावच्या तबेल्यात माझा मित्र आहे. म्हशींना मळी घालतात तसं हे घालता येईल का? गोडच असतं ना?

केमिस्ट_काकू
अजिबात नको! मेथनॉल जनावराचे डोळे आणि जीव दोन्ही घेईल. चहाबाज, तुमचा हेतू चांगला आहे हे माहीत आहे, पण असलं काही मित्राला सुचवू नका.

आणि आता बोलतेच. मी चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात बसले. १९८६ साली मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. औद्योगिक दर्जाचा माल औषधाच्या बाटलीत गेला होता. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेव्हा मी नवीन होते, दुकानातली प्रत्येक बाटली आमच्या शेठने खाली उतरवून तिचा बॅच नंबर माझ्याकडून वहीत लिहून घेतला होता. ती वही अजून घरी आहे. तुर्भेकर, ड्रमवर मोठ्या अक्षरांत लिहा : औद्योगिक वापरासाठी, औषध-अन्न-सौंदर्यप्रसाधनांसाठी नाही. आणि विकताना बिलावरही. माल तुमच्या हातातून गेल्यावर कुठे पोचेल हे तुम्हाला दिसणार नाही.

तुर्भेकर
काकू, आजच रंग आणि ब्रश आणतो. सगळ्या ६४ ड्रमांवर.

गरम_भट्टी
आम्ही बॉयलरमध्ये जाळून पाहिलं होतं. धूर असा, की गाळ्यातले सगळे डोळे पुसत बाहेर. शेजारच्या गाळेवाल्याने तक्रार केली, आणि ती रास्त होती.

माटुंगा_९४
गरम_भट्टी, तेच ते ॲक्रोलिन. कढईत तेल जळतं तेव्हा डोळ्यांना झोंबतं ते हेच. अपुऱ्या तापमानाला ग्लिसरीन जाळलं की होतंच. आणि नाल्यात सोडणाऱ्यांसाठी : १ किलो ग्लिसरॉल पाण्यातला १.२ किलो ऑक्सिजन खातं. एक ड्रम खाडीत गेला तर मासे गुदमरतील. तुर्भेकरांना झोप लागणार नाही म्हणाले ते योग्यच.

द्राक्षबाग
मी निफाडचा, मुंबईशी संबंध फक्त वाशीच्या बाजारापुरता. पण वरती पोटॅशियम पोटॅशियम वाचून थांबलो. ते पोटॅश फॉस्फोरिक ॲसिडने मारलं तर काय होतं?

राखाडी_भुकटी
मोनोपोटॅशियम फॉस्फेट. का?

द्राक्षबाग
अहो, मग ते शून्य-बावन्न-चौतीस खत (नत्र शून्य, स्फुरद ५२, पालाश ३४)! आम्ही बागेला ठिबकमधून आणि फवारून देतो तेच, घड पक्व होताना. पंचवीस किलोची गोणी आणतो आम्ही. तुम्ही ते फेकून देताय?

माटुंगा_९४
द्राक्षबाग, तुम्ही धाग्याला कलाटणी दिलीत! एवढी वर्षं या विषयात घालवून मला ते सुचलं नाही.

हिशोब : २० किलो पोटॅशला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड साधारण ४१ किलो. पीएच ४ ते ५ वर आणला की साबण फुटतो, मेदाम्लं तेल होऊन वर येतात. ती तुर्भेकरांनी आपल्या पहिल्या ॲसिडच्या पायरीत परत घालावीत, त्यांचंही बायोडिझेल होतं. मेथनॉल अजून आत असल्यामुळे फॉस्फेट विरघळून राहत नाही, दाणे होऊन तळाला बसतं. रोजचं कागदावर ४८ किलो. ते गाळून काढा, मग मेथनॉल उडवून परत वापरा. मधे राहतं ते ग्लिसरीन. सल्फ्युरिक स्वस्त पडेल, पण त्याचं मीठ फॉस्फेटच्या भावाचं नाही.

केमिस्ट_काकू
खत म्हणून विकायचं तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. मेथनॉलचा वास असलेलं मीठ कुणाच्या बागेत नको.

द्राक्षबाग
काकू बरोबर. धुऊन, वाळवून, तपासूनच. घाई नाही, आमची छाटणी ऑक्टोबरात.

तुर्भेकर
मंडळी, आठवडाभर गायब होतो, कारण करत होतो.

काचेची एक लिटरची बाटली घेतली. अर्धा लिटर काकवी, ५० अंशांवर कोमट केलेली. गाळ्याचं शटर पूर्ण वर, पंखा बाहेरच्या दिशेला, जवळपास ज्योत नाही. भाचा फॉस्फोरिक थेंब थेंब सोडत होता, मी काचेच्या दांड्याने ढवळत होतो. आधी माल दह्यासारखा फुटला, बाटली हाताला कढत लागली. भाच्याने पीएचची पट्टी बुडवली, साडेचार. तसंच ठेवून घरी गेलो. रात्री जेवतानाही डोक्यात तेच.

सकाळी सातला शटर उघडलं. तीन थर! वर लालसर तेल, साधारण दोन बोटं. मधे बिनदुधाच्या चहासारखा रंग, बाटलीमागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला. तळाला पांढरे रवाळ दाणे, बाटली तिरकी केली की सावकाश घसरत होते. चार वर्षं ज्याला आम्ही घाण म्हणत आलो त्याच्यात हे होतं. मेहुणा कधी फार बोलत नाही, तो बराच वेळ बाटली उजेडात फिरवत उभा होता.

आता वडगादी, तुम्हाला मधल्या थराचा नमुना मेथनॉल उडवून पाठवला तर रिफायनरीला दाखवाल? आणि सोल्केटलचं वेड माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, तेही सांगतो. साफ केलेल्या मालावर रेझिन किती दिवस टिकेल?

वडगादी
पाठवा. पाव लिटर पुरे. भाव आत्ता बोलत नाही, आधी त्यांची लॅब काय म्हणते बघू. आणि सोल्केटल जमलं तर तेही पाच लिटर ठेवा बाजूला, ती चौकशी करणारी पार्टी रंगवाल्यांची आहे.

पाळी_तिसरी
तुर्भेकर, बाटलीचं वर्णन वाचून आनंद झाला. फॉस्फेट सगळं बसत नाही, थोडं पोटॅशियम वर राहतंच. म्हणून एक युक्ती. दोन नळ्या एकामागे एक लावायच्या. पुढच्या नळीत, म्हणजे माल आधी जिच्यातून जाईल तिच्यात, आमचं जुनं रेझिन, मेथनॉलने धुऊन मग सौम्य सल्फ्युरिकने जिवंत केलेलं. उरलेलं पोटॅशियम त्याने खायचं. ॲसिटोन त्याच्यानंतर मिसळायचं आणि मागच्या नळीत नवं रेझिन. पुढचं मेलं की काढून परत धुवायचं, मागच्याला धक्का लागत नाही.

साहेबांशी बोललो, प्रयोगशाळेतला स्तंभ रिकामा आहे, ते हो म्हणाले. दोन लिटर पाठवा. मेथनॉल पूर्ण उडवलेलं हवं, आणि लोकलने आणू नका. ॲसिटोनचं इथे आम्ही बघतो, त्याचा भडका उणे २० अंशांनाही उठतो, तुमच्या गाळ्यात साध्या मोटरी असतील तर तिथे ते आणूच नका.

तुर्भेकर
रविवारी आमचा टेम्पो उल्हासनगरला तेल उचलायला जातोच. दोन कॅन ठेवतो, झाकणावर तारीख आणि पीएच लिहून. भाचा सोबत येईल, त्याला स्तंभ बघायचाय.

नलूताई
वरचा लाल थर मला दाखवा हो, त्यात मेथनॉल नसेल तर आमचा साबण होईल.

तुर्भेकर
ताई, त्यातही थोडं उतरतं. धुऊन, तापवून, तपासून मगच. पहिली वाटी तुमची.

पाळी_तिसरी
रविवारी माल पोचला. सोमवारी संध्याकाळी स्तंभ चालू केला, ५५ अंश. भाचा दोन तास खुर्चीवरून उठला नाही. पहिला नमुना एकजीव.

राखाडी_भुकटी
दादा, पुढच्या नळीतून येणाऱ्या मालातलं पोटॅशियम मोजायला थोडा नमुना राखून ठेवाल का? आमच्या विभागात फ्लेम फोटोमीटर आहे.

पाळी_तिसरी
ठेवलाय, रोजचा वीस मिली, बाटल्यांवर नंबर टाकून.

चौथा दिवस, रात्री सव्वादोन. नमुना काढला, त्याच ट्यूबलाइटखाली धरला. एकच थर आहे. बाटली हलवून दहा मिनिटं ठेवली, पुन्हा बघितली. रेघ नाही.